गाडीचं जेवण, केळीचं पाणी

आमच्या साताऱ्याकडे लेकी माहेरी येतात त्या पंचमीला. रानं हिरवी, हवा गार, झाडाला झोका, सगळं कसं सोयीचं. खानदेशात लेकींचा सण म्हणजे आखाजी, अक्षय तृतीया. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा, आणि या बायका त्यात कडुनिंबाला झोके बांधून गाणी म्हणणार. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं उन्हाशी पैज लावून सण करतात. तसं मी बोलूनही दाखवलं होतं आणि त्यावरून सासरी बरंच ऐकून घेतलं होतं.

लेकीला न्यायला माहेराहून जो येतो तो मुराळी. भाऊ येतो, भाऊ नसला तर भाचा. यंदा आमच्या सासूबाईंची मुराळी मी झाले. सुनेनं सासूला माहेरी पोहोचवायचं हे कुठल्या गाण्यात बसत नाही, पण झालं खरं तसं.

शिंदखेडा

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. मोठ्या दिरांकडे शिंदखेड्याला असतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, जीभ तिखट आणि छाती अधू. चुलीचा धूर त्यांनी जन्मभर सोसला, पण आता डिझेलचा धूर नाकात गेला की दम लागतो. मागे एकदा एसटीनं माहेरी निघाल्या, तर पारोळ्यालाच उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून माहेर बंद. माहेर रावेरकडे, केळीच्या मुलखात. धाकटा भाऊ, नाना, तिथं मळ्यात राहतो. तोही आता सत्तरीचा, गुडघ्यांनी धरलेला. त्याला इकडे येववत नाही, हिला तिकडे जाववत नाही. दर आखाजीला त्याचा फोन यायचा, "अक्का, यंदा ये," आणि अक्का म्हणायच्या, "येईन रे, येईन." फोन ठेवला की उगाच कोणावर तरी ओरडायच्या. बहुतेक वेळा माझ्यावर.

आम्ही नाशिकला विजेवरची गाडी घेतली आणि मी ती दाखवायला शिंदखेड्याला नेली. अक्कांनी पदर खोचला, कमरेत वाकल्या आणि गाडीच्या मागच्या बाजूला खालून बघितलं.

"हाई गाडीले नळी नही शे?"

"नाही."

"मंग धूर कथाईन निंघस?"

"निघतच नाही, अक्का."

"जराबी नही?"

"जराबी नाही."

त्या सरळ उभ्या राहिल्या. गाडीवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. मग म्हणाल्या, "मंग आखाजीले माले लई चाल." लई चाल म्हणजे घेऊन चल.

बँकेत रजा मागताना मी कारण लिहिलं 'कौटुंबिक'. साहेबांना काय सांगणार, सासूला माहेरी नेतेय म्हणून? त्यांनी आधी माझी तब्येत विचारली असती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शिंदखेड्याच्या घरी गाडी चार्जिंगला लावली, तर चार्जरनं लाल दिवा दाखवून तोंड फिरवलं. जुन्या घराला अर्थिंग नव्हतं, आणि अर्थिंग नसेल तिथं ही गाडी पाण्याचा घोटही घेत नाही. आमच्या घराण्यात एवढं सोवळं कोणी पाळत नाही. धुळ्यापर्यंत पुरेल एवढा जीव तिच्यात होता, म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. अक्कांच्या मांडीवर भावासाठी डब्यात सांजोऱ्या, पायाशी भावजयीचं लुगडं आणि पिशवीत दम्याचा पंप.

धुळे

महामार्गाच्या कडेला एका हॉटेलात चार्जिंगचं मशीन आहे, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. फाटकावर मोठा हिरवा फलक, त्यावर झाडाचं पान आणि 'निसर्गाचे मित्र' असं लिहिलेलं. मशीन मागच्या अंगणात. त्याच्यावर हिरवी जाळी ताणलेली आणि मागून त्याचा पंखा गरम वारा सोडत होता. त्या वाऱ्याच्या वाटेवर हॉटेलवाल्यांनी दोरी बांधून धुतलेले टॉवेल वाळत घातले होते. वाऱ्याच्या तोंडाशी कोणीतरी सदाफुली लावलेली, ती मात्र काळी पडली होती.

हॉटेलचे मालक पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, बोलके. म्हणाले, "ताई, आज जरा वेळ लागंल. मशीनलाबी ऊन लागतं. दुपार झाली की तीबी आपल्यासारखी सुस्तावते. तुम्ही शेवभाजी खा तवर."

शेवभाजी नाकातोंडातून पाणी काढणारी होती. अक्का मजेत खात होत्या. मी साताऱ्याची, तिखटाची मला बढाई, पण खानदेशी काळ्या मसाल्यापुढे मी आजही ताक मागते. मालकांनी न मागताच ताक आणून ठेवलं, बहुतेक चेहरा बघून.

जेवण अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. मी हात धुऊन बाहेर पळाले. मालक हसत म्हणाले, "काळजीच करू नका. तुमच्यासारख्यांसाठी सोय करून ठेवली शे." आणि त्यांनी जनरेटर सुरू करायला सांगितलं.

भिंतीपलीकडून धडधड सुरू झाली. मशीनचा दिवा परत हिरवा झाला, आणि भिंतीवरून डिझेलचा काळा लोट सरळ आमच्या टेबलाकडे आला. फलकावर झाडाचं पान आणि आमची गाडी डिझेल पीत उभी. त्या वेळी हसू आलं असतं, पण अक्कांनी हातातला घास खाली ठेवला होता. खोकला सुरू झाला, मग खोकल्यालाही दम पुरेना. डोळे मोठे झाले, हात टेबलाची कड शोधत होते. मी पंप त्यांच्या तोंडात धरला आणि जोरात ओरडले, "बंद करा ते, आधी बंद करा."

मालक स्वतः पळत गेले. त्यांनीच अक्कांना आतल्या खोलीत खाटेवर बसवलं, पाठ चोळायला त्यांची बायको आली. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला. मालक दारात उभे होते, चेहरा पडलेला. "मावशी, माफ करा. मी म्हटलं पाव्हण्याची गाडी उपाशी नको." अक्कांनी हातानंच 'असू दे' केलं. बोलता येऊ लागलं तसं त्या म्हणाल्या, "तुना काय दोष, भाऊ? तू ते जेवाडाले गया."

वीज कधी येईल ते कोणाला माहीत नव्हतं. परत फिरायचं की पुढे जायचं? मी मनातून परत फिरायच्या बाजूची होते. खरं सांगायचं तर घाबरले होते. अक्कांना तसं म्हटलं, तर त्या खाटेवरून उठून गाडीत जाऊन बसल्या आणि पट्टा लावायला लागल्या. तो त्यांना कधीच लावता येत नाही. मी जाऊन लावला आणि अर्ध्या भरलेल्या गाडीनं आम्ही जळगावचा रस्ता धरला.

भुसावळच्या पुढे

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पारोळ्याला अक्का खिडकीकडे न बघता समोर बघत होत्या. मी एसी कमी ठेवला होता, कारण पडद्यावरचा आकडा उतरत होता आणि माझा जीव त्याच्याबरोबर. काच उघडावी तर शेजारून ट्रक. जळगाव शहरात गर्दीत शिरायचं टाळलं, भुसावळच्या पुढे एका पंपावर मशीन आहे असं मोबाइल सांगत होता म्हणून. गेलो तर मशीन होतं, पण त्याचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीनं बांधलेलं. विचारलं, तर पंपावरचा माणूस म्हणाला, "उन्हाळाभर असंच शे."

तिथून पुढे उजव्या हाताला औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. अक्का कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"हाऊ धूर कसाना शे?"

खोटं सांगता आलं असतं. पण अक्कांशी खोटं बोललं की त्या लगेच ओळखतात आणि मग आठवडाभर तेच. म्हटलं, "कोळशाचा. तिथं वीज तयार होते."

"आपली गाडी पेस तीच?"

"थोडी ती, थोडी पवनचक्क्यांची, थोडी उन्हाची. सगळी एकाच तारेतून येते, अक्का. कुठली कोणती ते कळत नाही."

त्या स्वतःशी म्हणावं तसं म्हणाल्या, "म्हंजे आपला धूर आठे ठेयेल शे."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

"तठे जोडे कोनी दमावाली बाई व्हई ना," अक्का म्हणाल्या. "तिले कोन लई जाई माहेरले?"

मी नाशिकला मैत्रिणींना या गाडीबद्दल फार गमजा मारून सांगत असते. धूर नाही, आवाज नाही, पृथ्वीचं भलं. त्यातलं काही खोटं नाही. अक्का त्या दिवशी माझ्या शेजारी बसून श्वास घेत होत्या, तो त्या गाडीमुळेच. पण अक्कांनी विचारलेल्या त्या बाईचा विचार मी तोवर केला नव्हता, आणि आता ती मला चिमण्यांखाली कुठंतरी खोकताना ऐकू यायला लागली. अक्कांनी हात पुढे करून एसी बंद केला. कसा करायचा हे त्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या. कडेनं वारं अडवायला लावलेलं उंच गवत, मधून ठिबकच्या काळ्या नळ्या. अक्का ताठ बसल्या. त्यांची बोलीही इथं बदलली. इतकी वर्षं सासरी 'शे' म्हणणारी बाई सावद्याच्या पुढे 'हाये' म्हणायला लागली, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. "हा मळा तात्याचा हाये. आता वाकन, मंग चिंच." चिंच नव्हती, पण वळण होतं.

मळ्याच्या तोंडाशी नाना काठी टेकून उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. गाडी थांबली तेव्हा पडद्यावर जेमतेम काही उरलं होतं. अक्का उतरल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "वाळली तू." अक्का म्हणाल्या, "आन् तू काय फुगला?" मग नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि बहिणीचा दंड धरला. तसेच दोघं घराकडे चालत गेले, एक गुडघ्यांमुळे सावकाश, एक छातीमुळे सावकाश. सामान मी उचललं. मुराळ्यानं सामान उचलायचंच असतं.

मळा, आखाजी

नानांचं घर गावात नाही, केळीच्या मळ्यातच आहे. विहिरीवरच्या मोटरीसाठी अर्थिंग होतं, त्यामुळे सकाळी गाडी लावली तर चार्जरनं हिरवा दिवा दाखवला. नाना शेजारी उभे राहून बघत होते. "हिले किती लागते?"

"एका मोटरीइतकी वीज खाते, नाना. तुमची पाच हॉर्सपॉवरची आहे ना, साधारण तेवढी."

"मंग खाऊ दे," नाना म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, विषय संपला.

आखाजीचा दिवस म्हणजे सगळा घाईचा. मामींनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, पितरांसाठी मातीची घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. आमच्याकडे या दिवशी आमरस करतात आणि संपलं. इथं चुलीवर पालथं खापर घालून त्यावर हाताएवढे रुंद पुरणाचे मांडे. मामी ते दोन्ही हातांवर खेळवत होत्या. मी एक करून पाहिला, तो चुलीत पडला. अक्का म्हणाल्या, "सूनबाईनं अग्नीले नैवेद्य देल्ला," आणि घरभर हसू झालं. त्या चुलीपासून लांब, ओट्यावर, मोकळ्या हवेत बसल्या होत्या. आल्यापासून एकदाही पंप लागला नव्हता. कडुनिंबाच्या फांदीला झोका बांधला होता आणि शेजारच्या मळ्यातल्या लेकी-सुना येऊन अक्कांना 'बसा बसा' म्हणत होत्या. अक्का आधी नको नको म्हणाल्या, मग बसल्या. पाय जमिनीला लागणार नाहीत एवढा उंच झोका घेतला. मी छातीवर हात ठेवून बघत होते, त्यांच्या नाही, माझ्या.

जेवणं झाल्यावर अक्कांना बाग बघायची होती. मी त्यांना हात देऊन केळीत नेलं. आत गेल्यावर अक्का थांबल्या. केळी निसवत होत्या, म्हणजे नुकते घड बाहेर पडत होते, आणि पानं मधल्या शिरेवरून दुमडून खाली लोंबत होती, मिटलेल्या छत्रीसारखी. पायाखालची माती भेगाळलेली. ठिबकची नळी अक्कांनी पायानं दाबून बघितली. कोरडी.

"पानी नाई देल्लं?"

मामी मागून आल्या होत्या. अक्कांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मामींनी सांगितलं. विहिरींना वीज देणारी डीपी एकच आणि तिच्यावर पाच-सहा मळे. उन्हाळ्यात सगळ्या मोटरी एकदम चालल्या की डीपी जळते, म्हणून सगळ्यांनी पाळ्या ठरवलेल्या. आधीचे दोन दिवस डीपीत बिघाड होता, कोणालाच पाणी मिळालं नव्हतं. आज सकाळची पाळी नानांची होती. नानांनी ती गाडीला दिली. आणि गाडीवर ताण नको म्हणून शेजारच्यांना सांगून आले, "अक्काची गाडी जेवी रायली, तिचं व्हऊ द्या." शेजारच्यांनीही आपल्या मोटरी लावल्या नाहीत. सगळ्या मळ्यांत सकाळपासून सामसूम होती. मला वाटलं होतं, सण आहे म्हणून सुट्टी घेतली असेल.

एवढ्या उन्हात, घड बाहेर पडत असताना, या माणसांनी केळी तहानलेली ठेवली आणि माझी गाडी पोटभर जेवू घातली. कोणी मला एका शब्दानं सांगितलंही नाही, कारण पाहुण्याला सांगायचं नसतं.

अक्का वळल्या. त्यांच्या मानानं फारच भराभर चालल्या. घराशी येऊन त्यांनी भिंतीतला प्लग स्वतः ओढून काढला. नाना ओट्यावरून म्हणाले, "अक्का, राहू दे. पाहुनी हाये ती बी."

"पाहुनी हाये तर घरचं खाईन," अक्का म्हणाल्या. "बाग वाळवून मी कशाची माघारी जाऊ? मी या घरची लेक हाये का वैरीन?"

आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. नाना उठले आणि काठी न घेताच मोटरीच्या खोक्याकडे निघाले. थोड्या वेळानं विहिरीवर मोटर बोलायला लागली. नळ्यांतून आधी हवा फुसफुसली, मग थेंब पडायला लागले. अक्का डोळे पुसून केळीच्या बुंध्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि माती काळी होत जाताना बघत राहिल्या. ती ओल बघून मलाही रडू आलं, हे लपवत नाही.

नंतरचे दिवस

संध्याकाळी अक्का, नाना आणि मी ओट्यावर बसून तोडगा काढला. मोटरी चालवणारी थ्री फेज वीज असेल तोवर गाडीनं उपास करायचा. ती गेली की मोटरी तशाही बंद, घरापुरती सिंगल फेज उरते. तेव्हा चार्जर सगळ्यात बारीक करून गाडीनं घोट घोट प्यायचं. जळगावपर्यंत पुरेल एवढी झाली की निघायचं, पुढे शहरात मशीन आहेत. अक्कांनी एक अट घातली, "जनरेटर नाई." ती सांगायची गरज नव्हती.

घोट घोट म्हणजे खरोखर घोट घोट. व्होल्टेज जरा पडलं की चार्जर स्वतःच बंद व्हायचा. मी बँकेत फोन करून रजा वाढवली. नवरा नाशिकहून म्हणाला, "किती भरली?" मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, ती काही घाईत दिसत नाही."

खरंच नव्हत्या. सकाळी दोघं भावंडं बागेत फिरायची. नाना एकेक घड काठीनं दाखवायचे, अक्का प्रत्येकात खोट काढायच्या. दुपारी पडवीत कलंडून लहानपणीच्या गोष्टी, त्यात दोघांचं कधी जमायचं नाही. विहिरीत पडलेली म्हैस कोणी काढली, यावर एक अख्खी दुपार गेली. पानं पुन्हा सरळ झाली होती. शेजारचे एकजण, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, रोज येऊन गाडीला विचारायचे, "जेवली का?" आणि मग खुर्ची घेऊन बसायचे. मला आमची नाशिकची सोसायटी आठवली, जिथं पार्किंगमधल्या एका प्लगवरून सभा घ्यावी लागली होती.

आणि तरी आकडा माझ्या हिशेबाला लागेना. व्होल्टेज धरून, वीज जाणं धरून, जेवढा चढायला हवा त्याच्या निम्माच चढत होता. आधी मला वाटलं बोर्ड सैल आहे. मग वाटलं, गाडीच बिघडली. अक्का म्हणाल्या, "उन्हाची तिलेबी भूक लागत नसंल."

एक दिवस मामींबरोबर गावात गेले होते, कुरडयांसाठी भिजवलेले गहू वाटून आणायला. उन्हं कलली होती. आम्ही परतलो तेव्हा मळ्यात शांतता होती, थ्री फेज गेलेली, कुठलीच मोटर चालू नव्हती. मामी पाणी प्यायला आत गेल्या. मी गाडी बघायला घराला वळसा घालून गेले, आणि भिंतीशी नाना उभे दिसले. त्यांच्या हातात प्लग होता, नुकताच काढलेला.

"कोणाची पाळी आहे का, नाना?" मी विचारलं.

ते दचकले. "नाई. कोनाची नाई."

"मग?"

नाना खाली बघत राहिले. वायर हाताला गुंडाळली, परत सोडली. पुढच्या अंगणातून अक्कांचा आवाज येत होता, कोणाला तरी म्हैस कशी काढली ते सांगत होत्या.

"रोज काढतो," ते हळूच म्हणाले. "घंटा-दीड घंटा. मंग लावून देतो. जास्त नाई." आणि थोड्या वेळानं, "ती भरली म्हंजे तू अक्काले घेऊन जाशीन."

मी गाडीचा दरवाजा उघडून पडद्यावर बघितलं. इतकं सगळं करूनही आकडा जळगावला पोहोचण्याइतका झाला होता. मी दरवाजा लावला. नाना प्लग हातात घेऊन तसेच उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

पुढच्या अंगणातून अक्कांनी हाक मारली, "शुभा, किती झाली वं? जळगावलोक पुरंल का?"

"नाही, अक्का," मी म्हटलं. "अजून बरीच कमी आहे."

अक्का आत मामींना सांगताना ऐकू आल्या, "मंग उद्यासाठी डाळ भिजू घाल. नानाले मांडे आवडता."